घरात डिप्रेशन किंवा बायपोलर निघालं तर सुरुवात कुठून करायची

घरातलं कुणीतरी महिनाभर अंथरुणातून उठत नाहीये, किंवा अगदी उलट, चार रात्री झोपलेलं नाहीये तरी अंगात नुसता उत्साह संचारलाय, आणि घरच्यांना काय करावं तेच सुचत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अवाजवी तेजी असा मूडचा आजार, आणि गेली अकरा वर्षं त्याची औषधं, रिपोर्ट, ॲडमिशन, इन्शुरन्सचे कागद हे सगळं मी आणि आईबाबा मिळून बघतोय. भावाला विचारूनच लिहितेय, त्याने सगळं वाचलंय आणि दोन गोष्टी काढायला लावल्यात त्या काढल्यात. गोळी कुठली आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी आणि पोचल्यानंतर घरात जे करायचं असतं ते कुणी नीट बसून सांगत नाही, आम्हाला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आधी तारखा

पहिलं काम म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पेन घेऊन बसा. "ह्याला झालंय तरी काय" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि "हे कधीपासून" एवढंच धरा, कारण मूडचा आजार हा एका दिवसाच्या तोंडावरून ओळखता येत नाही, तो किती दिवस टिकला आणि कधी पालटला यावरूनच ओळखतात. डिप्रेशन म्हणायला डॉक्टर लोक कमीत कमी दोन आठवडे बघतात, तेही रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ. एक तर मन सतत उदास, नाहीतर कशातच रस उरलेला नाही, या दोनातलं एक तरी लागतंच. त्याच्या जोडीला झोप बिघडणं (पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा न लागणं, किंवा मग चौदा-चौदा तास झोपणं), भूक आणि वजन, थकवा, हालचाल मंदावणं किंवा नुसती अस्वस्थ येरझार, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत सगळं आपल्यामुळे झालं असं वाटत राहणं, आणि मरणाचे विचार. अशी एकूण नऊ लक्षणं धरतात, त्यातली पाच असली आणि रोजचं जगणं अडलं की त्याला डिप्रेशन म्हणतात. घरी बसून निदान करायला हे सांगत नाहीये, काय काय टिपायचं ते कळावं म्हणून सांगतेय.

आणि तुलना करायची ती शेजारच्या मुलाशी नाही, त्या माणसाच्याच आधीच्या स्वभावाशी. मुळात अबोल असलेला माणूस अबोल राहिला तर त्यात काही नाही. माझा भाऊ घरातला सगळ्यात लवकर आवरणारा, साडेसहाला आंघोळ करून तयार, आणि त्या वर्षी एकदा मी बघितलं तर तो बेसिनपाशी उभा होता, ब्रशवर पेस्ट लावलेली, हात तोंडापर्यंत जात नव्हता. मी चहा टाकला, गाळला, प्यायले, परत आले तरी तो तसाच उभा, पेस्ट वाळायला लागली होती. मी त्याला "अरे काय टाइमपास चाललाय" असं म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की फार वाईट वाटतं, कारण त्याने नंतर सांगितलं की ताई, हात उचलायचा हे मला समजत होतं पण तिथपर्यंत काही पोचतच नव्हतं.

आपल्याकडे अजून एक होतं, माणूस "मला उदास वाटतंय" असं म्हणतच नाही. डोकं जड झालंय, अंग मोडून आलंय, छातीत धडधडतंय, पोटात गॅस धरलाय, असं सांगतो. विशेषतः आपल्या आई-मावशीच्या वयाच्या बायका. मग एंडोस्कोपी होते, ईसीजी होतो, सगळं नॉर्मल येतं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं सांगून घरी पाठवतात, आणि ती बाई अजूनच गप्प होते. म्हणून शरीराच्या तक्रारीसुद्धा तारखेसकट लिहा.

दुसरी बाजू होती का, हे शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आमची हीच चुकली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी भाऊ दोन महिने खचला होता, ते आपोआप गेलं. त्याच्यानंतर सात-आठ दिवस तो रात्री तीन तास झोपून प्रोजेक्ट करत होता, सगळ्यांशी भरभरून बोलत होता, आम्ही म्हटलं चला, पोरगं मार्गाला लागलं. त्याची कुठे नोंदच नाही. चार वर्षांनी परत खचला तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली, त्यांनी आधीच्या तेजीबद्दल विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही कारण ते सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. तीन आठवड्यांत तो उठला, हसायला लागला, आईने तर साखर वाटली. आणि मग एका सकाळी मिरजेच्या आमच्या घरासमोर टेम्पो उभा राहिला आणि त्यातून हापूसची चाळीस कलमं उतरली. अंगण सहा फुटांचं. रात्री अडीचला फोनवरून ऑर्डर दिलेली, गच्चीवर आमराई करायची होती त्याला, आणि आम्ही का कू केलं तर इतका चिडला की तसा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

ही मॅनिया. तेजी, उन्माद, काही म्हणा. आनंदच दिसेल असं काही नाही, नुसती चिडचिडही असू शकते. खरी खूण झोपेची: झोप लागत नाही म्हणून वैतागलेला माणूस वेगळा, आणि तीन तास झोपून ताजातवाना उठणारा, झोपेची गरजच उरलेली नाही असा माणूस वेगळा. दुसरा दिसला की सावध व्हायचं. सोबत अखंड बडबड, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, मोठमोठे प्लॅन, पैसे उधळणं, गाडी बेफाम चालवणं, आपण कुणीतरी विशेष आहोत अशी खात्री. हे आठवडाभर टिकलं, किंवा इतकं वाढलं की ॲडमिटच करावं लागलं, तर मॅनिया. चार दिवस टिकलं, बाकीच्यांना बदल जाणवतोय पण कामधंदा अजून कोसळलेला नाही, तर त्याला हायपोमॅनिया म्हणतात. मॅनिया एकदा जरी होऊन गेली असली तर बायपोलर वन. हायपोमॅनिया आणि मोठं डिप्रेशन असं असेल तर बायपोलर टू, आणि टू म्हणजे सौम्य असं समजू नका, त्यातली डिप्रेशनं लांबलचक असतात. एकूणच बायपोलरवाल्या माणसाचे दिवस तेजीपेक्षा उदासीतच जास्त जातात, त्यामुळे तो डॉक्टरकडे जातो तेव्हा डिप्रेशन म्हणूनच जातो.

आणि म्हणूनच हा प्रश्न तुम्ही स्वतः घरी विचारायचा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं: याआधी कधी चार दिवस, आठवडा असा गेलाय का की झोप कमी आणि उत्साह जास्त? काका, आजोबा, आत्या यांच्यात कुणी "विक्षिप्त" होतं का, मध्येच घर सोडून गेलं, मध्येच जमीन विकून टाकली? बायपोलर असताना नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस तेजीत जाऊ शकतो, आमच्याकडे तेच झालं. त्या डॉक्टरांवर राग धरून उपयोग नाही, पण ही एक माहिती आम्ही दिली असती तर बरंच वाचलं असतं.

बायकांच्या बाबतीत बाळंतपणानंतरचं वेगळं विचारा. बाळ झाल्यावर पहिले काही दिवस रडू येणं खूप कॉमन आहे, ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर ते डिप्रेशन असू शकतं, आणि बाळंतीण झोपतच नाहीये, भलतंच बोलतेय, बाळाबद्दल विचित्र शंका घेतेय तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही. "ओली बाळंतीण आहे, बाहेरचं झालं असेल" म्हणून अंगारे धुपारे करण्यात जे दिवस जातात ते फार महागात पडतात.

रक्त आणि मग डॉक्टर

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व, साखर हे एकदा तपासून घ्या, कारण थायरॉइड कमी असला की माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. दारू किंवा गांजा असेल तर लपवू नका, डॉक्टर पोलिसांना सांगत नाहीत.

कुणाकडे जायचं यात नवीन लोकांचा फार गोंधळ होतो. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) केलेला, औषध तोच देतो. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, औषध देत नाही, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन विचारा, विचारण्यात काही गैर नाही. सौम्य डिप्रेशनला नुसत्या थेरपीनेही बरं वाटतं. मध्यम आणि तीव्रला दोन्ही लागतं. बायपोलरला औषध हा पाया, थेरपी त्याच्यावर, हा क्रम उलटा करू नका. सहा महिन्यांच्या कोर्सचे पैसे आधी घेऊन "औषधं बंद करून दाखवतो" म्हणणारे काउन्सेलर आम्हाला भेटलेत, तिथून उठून या.

पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी बघा, मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, तिथे रोज गर्दी असते पण डॉक्टर चांगले असतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या ओपीडीत जाऊन औषध घेऊन घरी येता येतं, गेलं की आत ठेवून घेतात असं काही नाही. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. ठाण्यातली आयपीएच ही वेगळी, ती १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करणारी स्वयंसेवी संस्था, नावं सारखी असल्याने लोक गल्लत करतात. आणि कुठेच जाता येत नसेल, रात्र असेल, गाव लांब असेल, तर १४४१६. हा टेली-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर, सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.

माणूस यायलाच तयार नसेल तर? "तुला वेड लागलंय, चल" म्हणून कुणी येत नसतं. त्याला स्वतःला जे खुपतंय ते धरा. झोप येत नाही ना, चल झोपेसाठी दाखवू. डोकं दुखतंय ना, चल. खोटं बोलून मात्र नेऊ नका. "मामाकडे जाऊ" सांगून गाडी मनोरुग्णालयाच्या दारात उभी केली तर तो विश्वास परत मिळायला वर्षं जातात. तरीही नकारच असेल तर आधी घरचे दोघं जाऊन डॉक्टरांना भेटून या.

पहिल्या भेटीला एक पान

एका पानावर लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर आई रडते, बाबा "तसं काही विशेष नाही हो" म्हणतात आणि पंधरा मिनिटं संपतात. पानावर हे: कधीपासून, आधी असं कधी, तेजीचे दिवस कधी, झोप किती, घरात कुणाला, चालू औषधं, आणि मरणाबद्दल काही बोललाय का. पेशंटला पाच मिनिटं एकट्याला बोलू द्या. आणि निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: या गोळीने फरक पडायला किती दिवस, कशाची भीती बाळगायची, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला.

गोळ्या सुरू झाल्यावर

डिप्रेशनच्या गोळ्यांचा, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन वगैरे, परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो, मळमळ, अस्वस्थपणा, झोप इकडेतिकडे. म्हणजे आधी त्रास आणि मग फायदा, हे माहीत नसल्याने बरेच लोक आठव्या दिवशी "सूट होत नाही" म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे या पहिल्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा, काहींच्या मनात मरणाचे विचार या काळात वाढू शकतात, तसं दिसलं तर लगेच डॉक्टर. बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टरांच्या हिशोबाने. "सवय लागेल" ही भीती प्रत्येक घरात असते. या गोळ्यांची दारूसारखी नशा होत नाही, आज दोन उद्या तीन अशी हाव सुटत नाही. झोपेच्या गोळ्यांची काही प्रकारात सवय लागते, त्या वेगळ्या, त्या किती दिवस घ्यायच्या ते मुद्दाम विचारा.

बायपोलरला मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी औषधं, देतात. लॅमोट्रिजिन अगदी थोडं थोडं वाढवत नेतात आणि त्यात अंगावर पुरळ उठलं तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. व्हॅल्प्रोएट देणार असतील आणि पेशंट मुलगी असेल, पुढे मूल व्हायचं असेल, तर आधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, कारण पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. लग्न ठरवताना घरचे हा विषय टाळतात आणि मग सगळं अवघड होऊन बसतं.

लिथियमबद्दल मात्र सविस्तर सांगते कारण आमच्या घरात तेच आहे. जुनं औषध, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादावर ते चालतं हे पहिल्यांदा दाखवलं. स्वस्त आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून त्याचं नाव आहे. पण लागणारी मात्रा आणि जास्त होणारी मात्रा यात अंतर थोडं. रक्तात साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणून लेव्हलची तपासणी, सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर आठवड्याने, मग दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सोबत थायरॉइड आणि किडनीची क्रिएटिनिन. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. आम्ही पहिल्यांदा भावाला सकाळची गोळी देऊन, नाश्ता करून लॅबमध्ये नेलं, रिपोर्ट १.३ आला, बाबांचे हातपाय गार पडले, दोन दिवस घरात जेवण नाही. डॉक्टरांनी एकच विचारलं, सकाळची गोळी घेतली होती का? रात्री नऊची गोळी असेल तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर, पिशवीतून सोबत न्यायची. परत केलं तेव्हा ०.७.

आता आपल्या घरातली गोष्ट, उपवास. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि लेव्हल चढते. म्हणजे निर्जळी एकादशी नको. चातुर्मासात काहीजण अळणी खायचा नेम धरतात, तोही नको. बीपीसाठी कुणी सांगितलं म्हणून एकदम मीठ सोडणंही नको, आधी विचारा. आषाढीला साबुदाण्याची खिचडी खाऊन, भरपूर पाणी पिऊन, गोळी वेळेवर घेऊन उपवास करायला आमच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझी आई पांडुरंगाची भक्त, तिला हे पटायला वेळ लागला, शेवटी म्हणाली त्याच्या वाटची निर्जळी मी करते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात शेतावर काम असेल, वारीत चालायचं असेल, तर पाण्याची बाटली आणि डॉक्टरांशी आधी बोलणं. उलट्या जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. अंगदुखीला मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका, त्यानेही लेव्हल वाढते, पॅरासिटामोल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य "लिथियम चालू आहे". हात बारीक थरथरणं, तहान, वारंवार लघवी हे नेहमीचं. पण हात जोरात थरथरायला लागले, जीभ जड, चालताना झोक जातोय, उलट्या, गुंगी, तर तडक कॅज्युअल्टी.

शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की लोक उठून जातात. ईसीटी आता पूर्ण भूल देऊन करतात, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे. माणूस खायचाप्यायचा बंद झालाय, जिवाचा धोका आहे, अशा डिप्रेशनमध्ये त्याने लवकर फरक पडतो. त्या काळातल्या आठवणी थोड्या पुसट होतात, ते खरं आहे, ते विचारून घ्या.

झोप राखा

औषधाच्या खालोखाल झोप. एक-दोन रात्रीचं जागरण बायपोलरवाल्याला तेजीत ढकलू शकतं. आपल्याकडे जागरणाला काही तोटा नाही, गणपतीची विसर्जन मिरवणूक, नवरात्रातला दांडिया, जागरण गोंधळ, हळदीची रात्र, एसटीचा रात्रीचा प्रवास. आम्ही त्याच्या चुलत भावाच्या लग्नात साडेदहाला त्याला घरी घेऊन आलो, नातेवाईक बोलले, बोलू देत. नाईट शिफ्ट टाळा. परदेशात असाल किंवा जाणार असाल तर विमानप्रवास आणि वेळेतला फरक याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

डिप्रेशनमध्ये उलटं, दिवसभर पडून राहू नये म्हणून एकच छोटं काम ठरवा. "जरा बाहेर पड, मन रमव" असं मोघम नको. "संध्याकाळी पाचला आपण दोघं कोपऱ्यावरच्या डेअरीतून दही आणू." आणि आणलं की झालं, त्यावर भाषण नको. "सगळं तर आहे तुला, कशाला रडतोस", "मनाचा खंबीरपणा पाहिजे", ही वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपण ह्यांना ओझं झालोय.

तेजीत पैसे, आणि वाद

तेजीत असताना वाद घालून कुणी शहाणं झालेलं नाही. आवाज खाली, माणसं कमी, टीव्ही बंद, दिवे मंद, आणि डॉक्टरांना फोन. पैशाचं ठरवायचं ते माणूस ठीक असताना, त्याच्या संमतीने. आमचं असं ठरलंय: क्रेडिट कार्ड माझ्याकडे, यूपीआयची रोजची लिमिट कमी करून ठेवलेली, लोनची ॲप फोनमध्ये नाहीत, पाच हजारांच्या वरची खरेदी दोन रात्री झोपून मग. हे त्याने स्वतः कागदावर लिहून सही केलीय, त्यामुळे वेळ आली की मला दादागिरी करावी लागत नाही, मी नुसता कागद दाखवते. आणि तेजी उतरल्यावर जी लाज वाटते, कुणाला काय काय बोललो, किती पैसे गेले, तेव्हा हिशोब मांडायला बसू नका. बाबांनी त्या चाळीस कलमांबद्दल भावाला एका शब्दाने विचारलं नाही. रोज संध्याकाळी पाणी घालून जगवली, पावसाळ्यात एकेक करून ओळखीच्यांना दिली.

धोक्याच्या वेळी

मरणाबद्दल विचारायला घाबरू नका. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट बऱ्याचदा माणसाला सुटल्यासारखं होतं. सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का तुला? कसं करायचं वगैरे ठरवलंयस का?" हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा कॅज्युअल्टी, तोवर १४४१६, जिवावर बेतलं तर ११२. शेताघरी फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. गोळ्या आठवड्याच्याच बाहेर ठेवा, बाकीच्या घरातल्या एकाच्या ताब्यात. सामानाची आवराआवर, वस्तू वाटून टाकणं, खूप दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणं, याकडे लक्ष द्या. आणि कुणी प्रयत्न केलाच तर पोलिसांच्या भीतीने घरी लपवून ठेवू नका, दवाखान्यात नोंद होते ती होऊ द्या. त्याच २०१७ च्या कायद्यात, कलम ११५, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही असं लिहिलेलं आहे.

कागदपत्रं थोडक्यात

हा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. भावाने माझं नाव दिलंय. तो प्रतिनिधी असला की नकार देणाऱ्या पेशंटलाही, कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील तर, तीस दिवसांपर्यंत ॲडमिट करता येतं. इन्शुरन्स कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असंही त्यात आहे, पण पॉलिसी घेताना आजार लपवला तर क्लेम अडकतो, आणि वेटिंग पिरियड वाचून घ्या. आजाराने कायमची अडचण येत असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली सर्टिफिकेटही मिळतं.

नेहमी विचारतात म्हणून, हो, घराण्यात येतं, पण आई किंवा वडलांना बायपोलर असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच ते दहा. म्हणजे नव्वद मुलांना होत नाही.

आणि ते कालनिर्णय

दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात आम्ही रोज रात्री तीन गोष्टी लिहितो. किती तास झोप, मूडचा आकडा (शून्य म्हणजे नेहमीसारखा, उणे पाच म्हणजे अगदी तळाला, अधिक पाच म्हणजे कलमं), आणि गोळ्या किती घेतल्या. आकडा भाऊ स्वतः सांगतो, मला वेगळा वाटला तर मी शेजारी लहान अक्षरात माझा लिहिते, भांडत नाही. लागोपाठ दोन रात्री झोप पाचच्या खाली आली की डॉक्टरांना मेसेज, हा नियम. वर्षाअखेरीला जुनी-नवी पानं पुढ्यात मांडली तेव्हा दिसलं की तेजी आली त्या तिन्ही वेळा त्याची झोप एप्रिल-मे मध्येच कमी व्हायला लागली होती, लग्नसराई आणि उकाडा. आता मार्चमध्येच एक अपॉइंटमेंट घेऊन ठेवतो. जुनी कालनिर्णयं रद्दीत देऊ नका, डॉक्टर बदलला तर तीच न्यायची.

आजच्या चौकोनात लिहिलंय: सात तास, शून्य, गोळ्या दोन्ही, दूध दीड लिटर.